हात धुवायला सांगणारा डॉक्टर : इग्नाझ सेमेलवाइस

खो-खो खेळताना गुडघा फुटतो. उन्हात प्रार्थनेला उभे असताना एखाद्याचा घोळणा फुटतो. पेन्सिलीला टोक करताना ब्लेड बोटाला लागते. अशा वेळी वर्गातल्या बाई, खेळाचे सर किंवा शाळेतल्या मावशी धावत येतात आणि हाताला येईल त्या कापसाने रक्त पुसतात. त्या क्षणी त्यांच्या मनात फक्त मुलाची काळजी असते, आणि ते साहजिकच आहे. पण दुसऱ्याची जखम हाताळताना स्वतःच्या हाताकडेही पाहावे लागते, ही गोष्ट जगाला फार उशिरा पटली. ज्या डॉक्टरांनी ती आकड्यांनिशी दाखवून दिली, त्यांना त्याबद्दल हयातीत मान मिळाला नाही. उलट नोकरी गेली, सहकारी दुरावले आणि अखेर मृत्यूही एका चिघळलेल्या जखमेनेच आला. विद्यार्थी मित्रांनो, त्या डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांचे चरित्र आज आपण पाहणार आहोत. पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही ते अवश्य वाचावे, कारण त्यात त्यांच्यासाठीही काही आहे.

इग्नाझ फिलिप सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा शहरात झाला. डॅन्यूब नदीच्या एका काठावर बुडा आणि समोरच्या काठावर पेश्त. पुढे १८७३ साली ही शहरे एकत्र होऊन आजचे बुडापेस्ट झाले. वडील जोसेफ किराणा मालाचे व्यापारी होते. दहा भावंडांत इग्नाझ पाचवे. घराणे जर्मनभाषिक होते. घरात जर्मनची एक बोली आणि बाहेर हंगेरियन, अशा वातावरणात ते वाढले. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्या भाषेच्या मुलखात राहून घरची भाषा जपणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना ही परिस्थिती वेगळी समजावून सांगायला नको. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणे सोपे होते. पण सेमेलवाइस यांना लिहिणे मात्र कोणत्याच भाषेत सोपे वाटले नाही. लेखणी हाती धरण्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता. ही वरवर साधी वाटणारी गोष्ट पुढे त्यांना फार महाग पडली.

१८३७ साली ते कायदा शिकण्यासाठी व्हिएन्नाला गेले. वर्षभरातच त्यांनी कायदा सोडून वैद्यकशास्त्राची वाट धरली. १८४४ साली ते डॉक्टर झाले आणि प्रसूतिशास्त्राचेही शिक्षण त्यांनी पूर्ण केले. १८४६ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील पहिल्या प्रसूती विभागात प्रा. योहान क्लाइन यांच्या हाताखाली त्यांना साहाय्यकाची जागा मिळाली. त्या वेळी त्यांचे वय २८ वर्षांचे होते.

हे रुग्णालय सम्राट दुसरा जोसेफ याच्या काळात, १७८४ साली सुरू झालेले. युरोपभरचे विद्यार्थी तिथे शिकायला येत. तेथील प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्या विभागात सुईणींचे शिक्षण चाले. बाळंतपणासाठी येणाऱ्या स्त्रिया बहुतेक गरीब असत. एक दिवस पहिल्या विभागात भरती, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विभागात, अशी पाळी ठरलेली होती. म्हणजे कोणती स्त्री कोणत्या विभागात जाणार हे केवळ वारावर ठरे. आणि तिचे आयुष्यही बरेचसे त्या वारावरच ठरे.

त्या काळी बाळंतपणानंतर दोन-चार दिवसांत बाळंतिणीला कडक ताप भरे, पोट फुगे, असह्य वेदना होत आणि ती दगावे. याला प्रसूतिज्वर म्हणत. १८४६ या एका वर्षात पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणे झाली व ४५९ स्त्रिया मरण पावल्या. दुसऱ्या विभागात ३,७५४ बाळंतपणांत १०५ मृत्यू झाले. म्हणजे डॉक्टरांच्या विभागात शंभरात अकरांहून अधिक आणि सुईणींच्या विभागात शंभरात तीनपेक्षा कमी. एकाच इमारतीत, एकाच शहरातल्या स्त्रियांच्या बाबतीत इतका फरक! गावातल्या बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागाचा दिवस आहे असे कळले की त्या डॉक्टरांच्या पाया पडून दुसऱ्या विभागात घेण्याची विनवणी करीत. काही जणी वाटेतच, रस्त्यावर बाळंत होत आणि मग रुग्णालयात येत. आश्चर्य म्हणजे रस्त्यावर बाळंत झालेल्या स्त्रियांनाही हा ताप त्या मानाने कमी येई.

सेमेलवाइस यांची झोप उडाली. त्यांनी एकेक कारण घेऊन तपासायला सुरुवात केली. हवेतला दोष म्हणावा, तर दोन्ही विभागांची हवा एकच. गर्दी म्हणावी, तर स्त्रिया पहिला विभाग टाळत असल्याने उलट दुसऱ्या विभागातच गर्दी जास्त. मरणासन्न स्त्रीला अखेरचे धर्मसंस्कार देण्यासाठी येणारा पाद्री घंटा वाजवत पहिल्या विभागातून जाई, त्या धास्तीने बायका मरत असाव्यात असे कोणी म्हणाले. सेमेलवाइस यांनी घंटा बंद करवली आणि पाद्र्याला दुसऱ्या वाटेने यायला लावले. मृत्यू थांबले नाहीत. दुसऱ्या विभागात स्त्रियांना कुशीवर निजवून बाळंत करीत, म्हणून पहिल्या विभागातही तसे करून पाहिले. काही उपयोग झाला नाही. अशा रीतीने एकेक शंका खोडता खोडता महिने गेले.

मार्च १८४७ मध्ये मन थोडे शांत व्हावे म्हणून ते मित्रांबरोबर व्हेनिसला गेले. परत आले ते एका वाईट बातमीसाठीच. त्यांचे स्नेही, न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का यांचे निधन झाले होते. एका शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातील सुरी चुकून कोलेच्का यांच्या बोटाला लागली होती. जखम अगदी लहान. पण हात सुजला, ताप चढला, विकार सर्व शरीरात पसरला आणि काही दिवसांतच ते गेले. सेमेलवाइस यांनी मित्राच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला. त्यात जे लिहिले होते ते त्यांनी बाळंतिणींच्या बाबतीत शेकडो वेळा पाहिले होते. तीच सूज, तोच पू, शरीरात तेच बिघाड.

दुःखातही त्यांची बुद्धी जागी होती. कोलेच्का काही बाळंतीण नव्हते. मग दोघांना एकच रोग कसा? कोलेच्कांच्या शरीरात शवातील सडलेला अंश सुरीच्या टोकाने शिरला. बाळंतिणीच्या शरीरात तो कशाने शिरत असेल? उत्तर समोरच होते. पहिल्या विभागातील डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करीत आणि तिथून थेट प्रसूती विभागात येऊन स्त्रियांना तपासत. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. बाळंतपणात स्त्रीचे शरीर आतून एका मोठ्या जखमेसारखेच असते. सुरीने जे काम कोलेच्कांच्या बाबतीत केले, तेच काम डॉक्टरांची बोटे करीत होती.

ते डॉक्टर हात धूत नव्हते असे मुळीच नाही. ते साबणाने हात धूत, आणि हात स्वच्छ दिसतही. पण शवाचा वास मात्र हाताला तसाच राही. वास राहतो याचा अर्थ काहीतरी अंश राहतो, असे सेमेलवाइस यांनी अनुमान काढले. तो वास घालवील असा पदार्थ त्यांनी शोधला आणि मे १८४७ च्या मध्यापासून विभागात नियम केला, की आत येणाऱ्या प्रत्येकाने क्लोरीनच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही. थोड्याच दिवसांत त्यांनी त्याऐवजी स्वस्तात मिळणारी चुन्याची क्लोरीनयुक्त पूड वापरायला घेतली. पावसाळ्यात विहिरीत आणि पाण्याच्या टाकीत टाकतात ती आपली ब्लीचिंग पावडर, तीच ही. विद्यार्थी असो की डॉक्टर, नियम सर्वांना सारखा होता.

परिणाम आकड्यांतच पाहू. एप्रिल १८४७ मध्ये पहिल्या विभागात ३१२ बाळंतपणांत ५७ मृत्यू झाले होते. जूनमध्ये २६८ बाळंतपणांत ६, जुलैमध्ये २५० बाळंतपणांत ३ आणि ऑगस्टमध्ये २६४ बाळंतपणांत ५. पुढचे पूर्ण वर्ष, १८४८, घेतले तर ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू, म्हणजे शंभरात सव्वाच्या आसपास. त्या वर्षी मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत तर एकही बाळंतीण दगावली नाही. औषध बदलले नव्हते, इमारत बदलली नव्हती, डॉक्टरही तेच होते. दाराजवळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचे एक भांडे आले होते, इतकेच.

ऑक्टोबर १८४७ मध्ये आणखी एक धडा मिळाला. गर्भाशयाचा कर्करोग झालेली व जखमेतून स्राव येत असलेली एक स्त्री बाळंतपणासाठी दाखल झाली. तिला पहिल्या खाटेवर ठेवले होते. तपासणाऱ्यांनी आत येताना नियमाप्रमाणे हात धुतले होते, पण तिला तपासून पुढच्या खाटेकडे जाताना फक्त साबणाने धुतले. तिच्याबरोबर बाळंत झालेल्या बारा स्त्रियांपैकी अकरा दगावल्या. म्हणजे हा घातक अंश केवळ शवातूनच येतो असे नव्हते. जिवंत माणसाच्या जखमेतूनही तो दुसऱ्याकडे जाऊ शकत होता. त्यानंतर प्रत्येक रुग्णानंतर क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम झाला. कामाच्या आरंभी एकदा हात धुतले की दिवस निभावला, ही समजूत तेव्हा मोडली.

या शोधाचा पहिला घाव सेमेलवाइस यांनी स्वतःवरच घेतला. ते अभ्यासू होते, म्हणून रोज पहाटे शवविच्छेदन करीत, आणि त्याच हातांनी नंतर बाळंतिणींना तपासत. आपल्या अभ्यासूपणामुळे किती स्त्रियांचा जीव गेला असेल ते देवच जाणे, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात दिली. स्वतःची चूक असे कबूल करणे सर्वांना जमत नाही. बाकीच्या डॉक्टरांना ते जमले नाही, आणि इथूनच त्यांच्या आयुष्याचा उतार सुरू झाला.

त्या काळी रोगजंतूंची कल्पना वैद्यकात मान्य झालेली नव्हती. डोळ्यांना न दिसणारा अंश माणूस मारतो, हे अनेकांना भाकडकथेसारखे वाटले. शिवाय ते मान्य करणे म्हणजे आपल्याच हातांनी आपले रुग्ण मेले हे मान्य करणे. प्रतिष्ठित प्राध्यापकांना ते कसे रुचावे? प्रा. क्लाइन यांचा विरोध होता. त्यातच १८४८ साली व्हिएन्नात क्रांतीचा उठाव झाला आणि हंगेरीच्या माणसांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. मार्च १८४९ मध्ये सेमेलवाइस यांची मुदत संपली, ती वाढवून मिळाली नाही. योझेफ श्कोडा, कार्ल रोकितान्स्की आणि फर्डिनांड हेब्रा या व्हिएन्नातील नामवंत डॉक्टरांनी त्यांची बाजू घेतली. हेब्रांनी त्यांच्या शोधावर वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेही. पण स्वतः सेमेलवाइस यांनी काहीच लिहिले नाही. वैद्यक मंडळापुढे ते बोलले तेही १८५० साली, म्हणजे शोधानंतर तीन वर्षांनी. दूरदूरच्या डॉक्टरांच्या कानांवर त्यांचे म्हणणे ऐकीव आणि अर्धवट स्वरूपात गेले. फक्त शव हाताळणाऱ्यांनाच हा नियम लागू आहे, असा अनेकांचा गैरसमज झाला आणि तो दूर करायला कोणी नव्हते. ऑक्टोबर १८५० मध्ये ते मित्रांचाही निरोप न घेता व्हिएन्ना सोडून पेश्तला निघून गेले. ज्यांनी त्यांच्यासाठी भांडण केले त्यांना याचे वाईट वाटले.

पेश्तमध्ये सेंट रोखस रुग्णालयाच्या प्रसूती विभागाची जबाबदारी त्यांनी १८५१ मध्ये बिनपगारी स्वीकारली. तिथे सहा वर्षांत ९३३ बाळंतपणांपैकी प्रसूतिज्वराने फक्त आठ स्त्रिया गेल्या. १८५५ साली ते पेश्त विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८५७ मध्ये मारिया वाइडेनहोफर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

विद्यापीठाच्या प्रसूतिगृहात घडलेला एक प्रसंग विश्वस्त मंडळींनी लक्षात ठेवावा असा आहे. हात धुण्याचा नियम पाळूनही तिथे मृत्यू वाढू लागले. सेमेलवाइस यांनी शोध घेतला तेव्हा कळले, की चादरी धुण्याचे काम सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला दिले होते. धुऊन आलेल्या म्हणून खाटांवर घातल्या जाणाऱ्या चादरींवर आधीच्या बाळंतिणींच्या रक्ताचे डाग तसेच होते आणि त्यांना दुर्गंधी येत होती. त्यांनी तक्रार केली, पाठपुरावा केला आणि चादरींची व्यवस्था सुधारून घेतली. हात स्वच्छ करून घाणेरड्या चादरीवर रुग्णाला निजवले तर हात धुण्याचा उपयोग काय, हा त्यांचा मुद्दा होता. काटकसर चांगली, पण ती कुठे करायची याचे तारतम्य हवे.

हळूहळू त्यांनी लेखणीचा तिटकारा बाजूला ठेवला. १८५८ पासून हंगेरियन वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचे लेख आले आणि १८६१ साली प्रसूतिज्वराची कारणे व प्रतिबंध यांवरचा त्यांचा मोठा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण शोधाला तोवर चौदा वर्षे झाली होती. ग्रंथ लांबलचक झाला होता, त्यात आकडे होते तसा संतापही होता. परीक्षणे प्रतिकूल आली. मग त्यांनी युरोपातील नामांकित प्राध्यापकांना उघड पत्रे लिहिली आणि त्यांत त्यांना सरळ खुनी ठरवले. त्यांचा संताप खोटा नव्हता, कारण रोज कुठे ना कुठे आया मरतच होत्या. पण खुनी म्हटल्यावर ऐकणारा आपले दार बंद करून घेतो, तसेच झाले.

१८६५ साली त्यांची मानसिक प्रकृती ढासळली. जुलैच्या अखेरीस त्यांना व्हिएन्नाला नेले आणि तिथल्या मनोरुग्णालयात ठेवले. निघून जाण्याचा प्रयत्न करताना पहारेकऱ्यांनी त्यांना मारहाण केली. दोनच आठवड्यांनी, १३ ऑगस्ट १८६५ रोजी, त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७. शस्त्रक्रिया करताना बोट कापले व त्यातून विकार झाला, असे पूर्वी सांगत. पुढे उजेडात आलेल्या नोंदींवरून अनेक अभ्यासक मारहाणीच्या जखमांना कारण मानतात. कारण कोणतेही धरले तरी अंत एकच, की हातावरची जखम चिघळली, विकार रक्तात पसरला आणि कोलेच्कांना ज्याने नेले त्यानेच सेमेलवाइस यांनाही नेले.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे गाडीचे चाक पायावरून गेलेला ११ वर्षांचा एक मुलगा जोसेफ लिस्टर यांच्याकडे आला. हाड मोडून जखम उघडी पडली होती. लिस्टर यांनी ती कार्बोलिक आम्ल लावून बांधली आणि मुलगा चिघळल्याशिवाय बरा झाला. लिस्टर यांना तेव्हा सेमेलवाइस यांचे काम माहीत नव्हते. ते लुई पाश्चर यांच्या प्रयोगांवरून या वाटेला आले होते. १८७९ मध्ये पाश्चर यांनी प्रसूतिज्वराच्या रुग्णांत आढळणारे साखळीच्या आकाराचे जंतू दाखवले आणि सेमेलवाइस ज्याला अंश म्हणत होते त्याला चेहरा मिळाला. १८९१ साली त्यांच्या अस्थी बुडापेस्टला आणल्या. १९०६ मध्ये तिथे पुतळा उभा राहिला. त्यांचे जन्मघर आज वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे आणि १९६९ पासून तेथील वैद्यकीय विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते.

आता हे चरित्र शाळेच्या वार्तापत्रात कशासाठी? सेमेलवाइस यांचा शत्रू एक जिवाणू होता. त्यानंतर रक्तातून पसरणारे वेगळे, अधिक सूक्ष्म विषाणूही सापडले. बारूच ब्लूमबर्ग यांच्या १९६५ च्या शोधातून हेपटायटिस बी म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा विषाणू कळला. १९८३ मध्ये एचआयव्ही आणि १९८९ मध्ये हेपटायटिस सी ओळखला गेला. हे तिन्ही विषाणू कोलेच्कांच्या सुरीच्याच वाटेने शिरू शकतात, म्हणजे टोचलेली सुई, रक्त लागलेले ब्लेड, हातावरची चीर, किंवा डोळ्यांत वा तोंडात उडालेले रक्त. हेपटायटिस बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस तग धरू शकतो. धडधाकट, न फाटलेल्या त्वचेवर रक्त लागले म्हणून मात्र रोग होत नाही. शेजारी बसणे, डबा वाटून खाणे, एकत्र खेळणे यांतूनही एचआयव्ही पसरत नाही.

हे नीट न कळल्याने काय होते त्याचे एक उदाहरण. अमेरिकेतील इंडियाना राज्यात रायन व्हाइट या १३ वर्षांच्या मुलाला रक्त न गोठण्याच्या आजारावरील औषधातून एचआयव्हीची लागण झाली होती. १९८५ मध्ये त्याच्या शाळेने त्याला वर्गात घेण्यास नकार दिला. शाळेत जाण्यासाठी त्याला आणि त्याच्या आईला न्यायालयात लढावे लागले. १९९० मध्ये तो गेला. भीतीने त्या मुलाची शाळा हिरावली, आणि तिने कोणाचे संरक्षणही केले नाही. त्याच दशकात वैद्यकाने एक साधा नियम ठरवला होता, की प्रत्येकाचे रक्त संसर्गजन्य असू शकते असे धरून चालायचे. मग हा मुलगा आजारी आहे का, तो कोणाचा आहे, हे विचारण्याची गरजच उरत नाही. व्हिएन्नाच्या दारावर जसे सर्वांनी हात धुवायचे, तसेच इथे सर्वांच्या रक्ताला एकच नियम.

शाळेत हा नियम असा पाळता येतो. रक्त येत असलेल्या मुलाला शक्य असल्यास स्वतःचाच रुमाल किंवा कापूस जखमेवर दाबून धरायला सांगावे. मदत करणाऱ्याने आधी हातमोजे घालावेत आणि स्वतःच्या हातावर चीर असेल तर ती पट्टीने झाकावी. हातमोजे एकदाच वापरायचे. काढताना बाहेरची बाजू आत दुमडून काढायची आणि नंतर साबणाने व वाहत्या पाण्याने हात धुवायचेच. जमिनीवर सांडलेले रक्त कागदाने किंवा जुन्या कापडाने टिपून घ्यावे. मग सोडियम हायपोक्लोराइटच्या पाच टक्के द्रावणाचा एक भाग आणि पाणी नऊ भाग असे ताजे मिश्रण करून ते जागेवर दहा मिनिटे ठेवावे व पुसावे. त्यात फिनेल किंवा ॲसिड कधीही मिसळू नये. ॲसिडबरोबर तर विषारी वायू तयार होतो. फुटलेली काच, ब्लेड, सुई हाताने उचलू नये. झाडू-सुपली किंवा चिमट्याने उचलून जाड, टोचणार नाही अशा डब्यात टाकावी.

एवढे करूनही कोणाला रक्त लागलेली सुई टोचली, तर घाबरून जखम पिळत बसू नये किंवा तिच्यावर ब्लीचिंग पावडर ओतू नये. जागा साबण-पाण्याने धुवावी, डोळ्यांत रक्त गेले असेल तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावेत, आणि त्याच दिवशी, शक्यतो काही तासांतच, सरकारी रुग्णालयात जावे. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. जितक्या लवकर तितके चांगले. हेपटायटिस बीवर तर उत्तम लस आहे. कोलेच्कांच्या काळात यातले काहीच नव्हते. आज आहे, म्हणूनच अशी घटना लपवू नये. जो कर्मचारी टोचल्याचे सांगतो त्याला बोल लावू नये, नाहीतर पुढचा कर्मचारी सांगणार नाही.

आपल्याकडे बहुतेक शाळांत रक्त पुसायचे काम शेवटी मावशींकडे किंवा शिपाईकाकांकडे येते. आपण त्यांना काम सांगतो, पण हातमोजे कुठे ठेवले आहेत हे सांगतो का? अमेरिकेत १९९१ च्या नियमाने अशा कामाचा धोका असलेल्या कर्मचाऱ्यांना हातमोजे आणि हेपटायटिस बीची लस मालकाने स्वतःच्या खर्चाने देणे बंधनकारक केले. कायदा आपला नसला तरी त्यामागचा न्याय आपल्याला कळण्यासारखा आहे. प्रथमोपचाराच्या पेटीत टिंक्चर आणि कापसाशेजारी हातमोज्यांचा एक खोका, हायपोक्लोराइटची एक बाटली, टोकदार वस्तूंसाठी एक डबा आणि कर्मचाऱ्यांच्या लसीची नोंद, एवढ्याला फार खर्च येत नाही. पेश्तमधल्या त्या चादरींसारखी इथे काटकसर होऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी नियम तर आणखी सोपा आहे. मित्राला लागले तर त्याला एकटे सोडू नका, मोठ्यांना हाक मारा. पण त्याच्या जखमेला उघडा हात लावू नका. ब्लेड एकमेकांना देऊ नका. रक्त लागलेला हात आधी धुवा आणि मगच डोळ्यांना, तोंडाला किंवा डब्याला लावा. आणि एखादी चूक दुसऱ्याला दाखवायची असेल तेव्हा सेमेलवाइस यांची गोष्ट आठवा. खरे तर सांगायचेच, पण वेळेवर, लिहून आणि ऐकणाऱ्याचा मान राखून सांगायचे.  आपल्या शाळेतले साबण-पाण्याचे भांडे भरलेले ठेवणे आपल्याच हाती आहे.